दाबलं की चालतो, सोडलं की बंद: बोर्डातला ड्राय सोल्डर शोधायचा कसा आणि घालवायचा कसा

लक्षण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. एलईडी चेसरचा (एकामागोमाग एलईडी पेटवणारा) बोर्ड रात्री टेबलावर व्यवस्थित फिरतो. मंडपात नेऊन लावला की सातवा एलईडी पेटत नाही, नाहीतर सगळं चक्र एकाच जागी अडकून बसतं. आयसीवर बोट दाबलं की सुरू, बोट काढलं की बंद. मग कुणीतरी सोल्डरिंग आयर्न तापवून खालचे सगळे जोड एकेकदा परत वितळवतो, बोर्ड चालतो, सगळे खूश. चार दिवसांनी परत तेच.

बेळगावात गणपतीच्या आधी हलत्या देखाव्यांचे बोर्ड येतात, शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीआधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर लावायच्या लाइटिंगचे येतात, आणि उरलेलं वर्षभर डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या पोरांचे प्रोजेक्ट. तक्रारीचे शब्दही ठरलेले: "दादा, घरी चालत होता की!" चालत असणारच. ड्राय सोल्डरचा जोड तुटलेला नसतो, नुसता टेकलेला असतो. टेकलेला असेपर्यंत करंट जातो.

सोल्डरनं धातूला धरायचं तर चार गोष्टी एकाच वेळी जमाव्या लागतात. पिन आणि पॅड (बोर्डावरचा तिच्याभोवतीचा तांब्याचा ठिपका) दोन्ही पुरेसे तापलेले हवेत, दोन्ही स्वच्छ हवेत, फ्लक्स (धातू साफ करून सोल्डर पसरू देणारा, राळेसारखा पदार्थ) जळून गेलेला नको, आणि सोल्डर घट्ट होईपर्यंत काही हलता कामा नये. यातलं जे कमी पडलं होतं ते शोधलं नाही आणि जोड नुसता परत वितळवला, तर तीच कमतरता ठेवून तोच जोड दुसऱ्यांदा बनतो. आमच्या भागात तर बोर्ड कुठून आला एवढं विचारलं तरी निम्मं निदान होतं. चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या उसाच्या पट्ट्यातून आला असेल तर माझा पहिला संशय व्होल्टेजवर. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडून पावसाळ्यात आला असेल तर सोल्डरिंगची पेस्ट आणि गंज. ट्रॉलीवरून उतरवून आणला असेल तर हादरे. आणि शहरातल्या हॉस्टेलवरून आला असेल तर बिट (आयर्नचं टोक) काळं ठिक्कर आणि डोक्यावर पंखा पाचवर.

आयर्न लावायच्या आधी जोड सापडला पाहिजे

सगळे जोड सरसकट वितळवले की पुरावाच नाहीसा होतो. त्यामुळे आधी शोध.

बोर्ड ५ किंवा १२ व्होल्टवर चालणारा असेल तर तो चालू ठेवूनच तपासायचा. २३० व्होल्टचा भाग त्याच बोर्डावर असेल, म्हणजे रिले, ट्रायॅक (२३० व्होल्टचे दिवे चालू-बंद करणारे भाग) किंवा ट्रान्सफॉर्मर नसलेली स्वस्त सप्लाय असेल, तर चालू बोर्डाला हात लावायचा नाही. प्लग काढून मीटरनं जेवढं कळतं तेवढंच करायचं. इथे धाडस नको.

दाबायला बोट वापरू नका. बोटाचा दाब मोठ्या जागेवर पडतो, शिवाय अंगातली ओल आणि शरीराची विद्युत धारकता यांनी ५५५ (टायमर) किंवा ४०१७ (एलईडी एकेक करून पुढे सरकवणारा काउंटर) सारखा आयसी उगाच भरकटतो. त्यावरून चुकीचा निष्कर्ष निघतो. कुल्फीची लाकडी काडी घ्या, टोक जरा तासून बारीक करा आणि एकेका पिनच्या बाजूला हलकेच ढकला. दाबण्यापेक्षा आडवं ढकलल्यानं जोड लवकर सापडतो. आयसी बेसवर बसवला असेल तर आधी आयसी काढून परत घट्ट बसवा. कितीतरी वेळा सोल्डर निर्दोष असतं आणि बेसचा पत्रा सैल झालेला असतो.

मग भिंग. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून, टॉर्चचा उजेड एका बाजूनं तिरका पाडून बघा. पिनभोवती केसासारखी गोल काळी रेघ दिसली की समजा तिथे भेग आहे. सरळ वरून उजेड टाकला तर ती रेघ दिसत नाही.

मीटरच्या बीपवर फार विसंबू नका. साध्या मल्टिमीटरचा बझर तीसचाळीस ओहमपर्यंतही वाजतो. म्हणजे अर्धमेला जोडसुद्धा बीप देतो आणि आपण पुढे जातो. खरी परीक्षा चालू सर्किटवर घ्यायची. मीटर मिलिव्होल्टवर ठेवा, मीटरची एक प्रोब पिनच्या वरच्या टोकाला, दुसरी त्याच जोडाच्या ट्रॅकवर, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीवर. चांगल्या जोडावर जवळपास शून्य येतं. २० मिलिअॅम्पिअरच्या एलईडीच्या वाटेत २० मिलिव्होल्ट दिसले तर त्या जोडात एक ओहम लपला आहे. एवढा तिथे असायचं काही कारण नाही.

मोठ्या करंटला तर हे फारच बोलकं ठरतं. १२ व्होल्टची, मीटरला १४.४ वॅट घेणारी पाच मीटरची एलईडी पट्टी पूर्ण पेटली की सुमारे ६ अॅम्पिअर ओढते. तिच्या वायरच्या जोडात फक्त ०.२ ओहम असला तरी सव्वा व्होल्टच्या आसपास तिथेच पडतो आणि सात वॅट उष्णता त्या एवढ्याशा डागात निर्माण होते. पट्टीचं टोक तपकिरी पडतं ते त्यामुळे.

जोड बघून कारण ओळखा

चांगला जोड पॅडवर पसरलेला असतो, पिनच्या अंगानं वर चढलेला असतो, कडा पातळ होत होत संपतात आणि बाजूनं बघितलं तर उतार आत वळलेला दिसतो. पिनचं टोक त्यातून डोकं काढून असतं. सोल्डरचा भरगच्च गोळा म्हणजे मजबुती असं समजणारे बरेच आहेत. गोळ्याखाली काय आहे ते दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

सोल्डर अळवावरच्या पाण्यासारखं गोल होऊन बसलं असेल तर ते कुठे बसलंय ते बघा. पिनवर चढलंय पण पॅडवर पसरलं नाही, तर पॅड थंड राहिला किंवा मळलेला आहे. पॅडवर पसरलंय पण पिनभोवती खळगा आहे, तर पिन गंजलेली किंवा तापली नाही. या दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून हे बघणं महत्त्वाचं.

काटे किंवा शेपट्या उभ्या राहिल्या असतील तर फ्लक्स जळून गेला आणि त्यानंतरही तुम्ही आयर्न धरून होता. पृष्ठभाग करडा, खरबरीत, साखरेसारखा दाणेदार असेल तर घट्ट होताना काहीतरी हललं. मात्र इथे एक सावधगिरी. युरोपमध्ये १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये शिशावर निर्बंध आले, आणि तेव्हापासून कारखान्यात तयार झालेले बरेच मॉड्यूल बिनशिशाच्या सोल्डरनं जोडलेले येतात. ते सोल्डर मुळातच जरा निस्तेज दिसतं. रिले मॉड्यूलवरचे असे फिके पण नीट पसरलेले जोड "ड्राय" म्हणून उकरत बसू नका.

पॅडभोवती तपकिरी कडं आणि पॅड हलतोय, तर उष्णता जास्त वेळ लागली. तपकिरी कागदी झिरो पीसीबीवर (तयार भोकांच्या कोऱ्या बोर्डावर) हे पटकन होतं, कारण तांबं नुसतं डिंकानं चिकटवलेलं असतं. शिकताना दहावीस रुपये जास्त गेले तरी हिरवा फायबर ग्लासचा बोर्ड घ्या, तो चुका बऱ्याच सहन करतो.

व्होल्टेजचा हिशेब

शिकणाऱ्याच्या हातात साधारणतः २५ वॅटचं साधं आयर्न असतं. आत फक्त तापणारी तार, तापमानावर ताबा कुणाचा नाही. तारेची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते, आणि हे गणित गावाकडे फार छळतं. २३० व्होल्टला २५ वॅट देणारं आयर्न १८० व्होल्टला जेमतेम १५ वॅट देतं. व्होल्टेज पंचमांशानं पडलं, शक्ती मात्र चाळीस टक्के गेली. उलट २५० व्होल्ट असेल तर तेच आयर्न साडेएकोणतीस वॅटवर जातं, बिट करपतं आणि फ्लक्स लागल्या क्षणी धूर होऊन उडतो.

कृष्णाकाठच्या गावांत मोटारी सुरू झाल्या की दिवे मंद होतात ते सगळ्यांना दिसतं. त्या वेळी सोल्डरिंगला बसलेल्या पोराला मात्र वाटतं आपला हात वाईट. सोल्डर वितळतंय की! वितळतं, कारण तुम्ही ते थेट बिटाला लावता, आणि ६०/४० (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं) सोल्डरला १८३ ते १९० अंश सेल्सिअस पुरतात. पण पिन आणि पॅड तिथपर्यंत पोचत नाहीत. वितळलेलं सोल्डर थंड धातूवर पडतं आणि गोठतं. ड्राय सोल्डरची ही सगळ्यात सोपी कृती आहे.

तेव्हा आयर्न लावायच्या आधी मीटर सातशेपन्नास एसीवर ठेवून सॉकेटचं व्होल्टेज मोजा. २०० च्या खाली असेल तर बारीक रेझिस्टर-एलईडीचं काम चालेल, पण ग्राउंडचे रुंद ट्रॅक, पॉवर जॅक, ७८०५ (५ व्होल्ट देणारा आयसी), रिलेच्या जाड पिना त्या वेळी करू नका. जाड कामं दिवे पूर्ण पेटत असतील तेव्हा, म्हणजे बहुधा रात्री उशिरा. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाइनवर आयर्न बिनधास्त लावा, तापणाऱ्या तारेला त्यानं काही होत नाही.

पैसे साठवून घ्यायची पहिली वस्तू म्हणजे तापमान खरोखर मोजून राखणारं आयर्न. पट्टीवर आकडे असलेली गोल खुंटी म्हणजे तापमान नियंत्रण असं मानू नका. काही स्वस्त आयर्नमध्ये ती खुंटी म्हणजे पंख्याच्या रेग्युलेटरसारखा नुसता डिमर असते, आणि व्होल्टेज पडलं की तेही पडतं. १२ ते २४ व्होल्ट डीसीवर चालणारी छोटी आयर्न मिळतात. ती बॅटरीवर चालतात आणि मंडपातही उपयोगी पडतात. शिशाच्या सोल्डरला बिट ३२० ते ३५० अंशांवर ठेवा. बिनशिशाचं सोल्डर २१७ ते २२७ अंशांच्या आसपास वितळतं, त्याला ३५० ते ३८० लागतात.

बिट, पंखा आणि सोल्डरची तार

काळ्या बिटातून उष्णता बाहेर येत नाही. आयर्न चारशे अंशांवर असलं तरी तो काळा थर मध्ये असतो. ओल्या स्पंजावर किंवा पितळी काथ्यावर पुसा, लगेच ताजं सोल्डर लावा, बिट चांदीसारखं दिसलं पाहिजे. काम थांबवताना पुसून ठेवायचं नाही, उलट सोल्डरचा जाडसर थर लावूनच बंद करायचं. बिट कानशीनं घासायचं की नाही यावर दुकानात दोन मतं ऐकायला मिळतात, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. नुसत्या तांब्याचं बिट घासता येतं. वर लोखंडाचा मुलामा असलेलं बिट घासलं की मुलामा जातो आणि आतलं तांबं सोल्डरमध्ये विरघळून बिटाला खड्डे पडतात. ओळखायचं कसं? थंड असताना टोकाला चुंबक लावा. चिकटलं तर कानस लांब ठेवा.

बिटाचा आकारही बघा. नवीन माणूस सुईसारखं टोकदार बिट मागतो. त्याच्या टोकाला जोडाशी टेकणारी जागाच नसते. दोनअडीच मिलिमीटर रुंद, पटाशीसारखं चपटं बिट घ्या. बहुतेक सगळी कामं त्यावर होतात.

पंखा बंद. वरून येणारा वारा बिट आणि जोड दोन्ही थंड करतो. पण धूर नाकात घ्यायचा नाही, राळेच्या फ्लक्सचा धूर दम्याच्या माणसाला विशेष त्रास देतो. टेबल खिडकीशी घ्या आणि छोटा पंखा बाजूला असा ठेवा की तो हवा बोर्डावरून बाहेर ओढेल. सोल्डरमध्ये शिसं असतं, त्यामुळे काम झालं की साबणानं हात धुवा. सोल्डरची तार दातात धरायची सवय असेल तर आजच सोडा.

आता तार. दुकानात सुटी, बिनलेबलची रिळं मिळतात. त्यांत कथलाचं प्रमाण किती हे कुणी सांगत नाही. कथील कमी, शिसं जास्त असलेल्या सोल्डरची अडचण अशी: ४०/६० सोल्डर १८३ अंशांना मऊ होऊ लागतं पण पूर्ण पातळ व्हायला २३८ च्या आसपास जावं लागतं. मधल्या पन्नासेक अंशांत ते चिखलासारखं असतं. थंड होतानाही तेवढा वेळ चिखल. त्या अवस्थेत पिन जराशी हलली की आत भेग. ६३/३७ सोल्डर मात्र १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम घट्ट होतं, मध्ये चिखल नाहीच. हात थरथरणाऱ्या नवशिक्याला याच्याइतकी मदत दुसरं काही करत नाही. ६३/३७, ०.८ मिलिमीटर जाडी, आत राळेचा फ्लक्स, एवढं सांगून मागा. बेळगावात नाही मिळालं तर पुण्याला बुधवार पेठेत किंवा बेंगळूरला एस. पी. रोडवर नक्की मिळतं, आणि आपल्या प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी या दोन्हीपैकी एका गावात नोकरीला असतंच.

पेस्ट आणि पाऊस

खानापूरकडचे बोर्ड जूनमध्ये चालतात आणि ऑगस्टमध्ये आजारी पडतात. उघडून बघितलं की जोडांभोवती हिरवट पांढरी बुरशीसारखी कड. सोल्डर उत्तम बसलेलं असतं, हाताचा काही दोष नसतो. दोष डबीचा.

छोट्या डबीत मिळणाऱ्या काही पेस्टमध्ये झिंक क्लोराइड असतं. रेडिएटर, पत्रा, जाड वायर यांसाठी ते छान, कारण गंज खाऊन धातू स्वच्छ करतं. पण काम झाल्यावर ते खायचं थांबत नाही. हवेतली ओल शोषून घेतं, ओल्या मिठाचा पातळ थर ट्रॅकच्या मधोमध तयार होतो आणि करंट इकडून तिकडे गळू लागतो. ५५५ चा टायमिंग कपॅसिटर किंवा मायक्रोकंट्रोलरच्या मोकळ्या इनपुट पिना असल्या गळतीला लगेच भुलतात. म्हणून दुपारी ऊन पडलं की बोर्ड शहाणा होतो आणि संध्याकाळी पुन्हा वेडा. याला ड्राय सोल्डर समजून परत आयर्न लावलं, आणि लावताना परत तीच पेस्ट, तर रोग दुप्पट.

ओळखायची साधी खूण: हेअर ड्रायरची गरम हवा बोर्डावर पाच मिनिटं सोडा. कुठेही न दाबता बोर्ड सुधारला तर संशय गळतीवर घ्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन दोन्ही बाजू घासा, पेस्टचा तेलकटपणा जाऊ द्या. त्यानंतर कोमट पाण्यानं ब्रश करून मीठ धुवा, पुन्हा अल्कोहोल, आणि पूर्ण वाळवा. बझर, रिले, प्रीसेट (स्क्रूनं फिरवायचा छोटा रेझिस्टर), मायक्रोफोन यांना पाणी लागू देऊ नका. हँड सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते बोर्डावरच राहतं. नेलपॉलिश रिमूव्हरही नको, त्यानं प्लॅस्टिक विरघळतं. यापुढे डबीवर राळ म्हणजे रोझिन लिहिलेलं असेल तरच बोर्डाला लावायची.

पावसाळ्यात दुसरा त्रास उघड्या तांब्याचा. झिरो पीसीबीचं पाकीट मे महिन्यात फोडलं आणि सप्टेंबरमध्ये वापरलं तर तांबं तपकिरी झालेलं असतं. त्यावर सोल्डर सरळ बसत नाही. खोडरबरानं घासलं तरी पुरतं, फार काळं असेल तर बारीक पॉलिश पेपर. घासल्यावर बोटं लावू नका. जुन्या रेडिओतून काढलेल्या रेझिस्टर-कपॅसिटरच्या पायांनाही हेच करा, ब्लेडच्या बोथट बाजूनं खरवडून आधी पायांना सोल्डरचा हात द्या आणि मगच बोर्डात घाला.

दुरुस्ती

सापडलेल्या जोडावर नुसतं वरून सोल्डर चढवू नका. जुनं सोल्डर पंपानं ओढून काढा. ओढायला त्रास होत असेल तर आधी थोडं ताजं सोल्डर घाला. हे उलटं वाटतं, पण ताज्या तारेतला फ्लक्स जुना डाग मोकळा करतो. कारखान्याचा बिनशिशाचा जोड असेल तर ही युक्ती हमखास लागते. पॅड आणि पिन स्वच्छ करा, राळेचा फ्लक्स लावा.

मग बिट पिन आणि पॅड दोघांनाही एकदम टेकेल असं धरा. एक सेकंद थांबा. सोल्डरची तार बिटाला न लावता समोरच्या बाजूनं पिन-पॅडच्या कोपऱ्यात लावा. धातू तापला असेल तर तार आपोआप वितळून बिटाकडे धावत येते. नाही वितळली तर थांबा, बिटाला लावून फसवू नका. आधी तार काढा, मग बिट. सगळं मिळून दोनतीन सेकंद, आणि नंतर दोनतीन सेकंद बोर्डाला हात लावायचा नाही, फुंकरही मारायची नाही. चार-पाच सेकंदांत जमलं नाही तर सोडून द्या, गार होऊ द्या, परत करा. आयसीच्या पिना ओळीनं एकामागोमाग करू नका, एक इकडची, एक तिकडची.

एकच पिन हट्ट करत असेल आणि ती ग्राउंडची असेल तर दोष तुमचा नाही. तिच्याभोवतीचं रुंद तांबं उष्णता पळवून नेतं. मोठं बिट लावा किंवा बोर्ड हेअर ड्रायरनं आधी कोमट करून घ्या. पॅड उखडलाच असेल तर डिंकानं चिकटवत बसू नका. पिनचा पाय वाकवून पुढच्या ट्रॅकपर्यंत न्या, ट्रॅकवरचा हिरवा थर खरवडा आणि तिथे जोडा.

ट्रॉलीवरचे बोर्ड

मिरवणुकीतला बोर्ड ही वेगळीच जात. जनरेटर एका बाजूला थरथरतोय, ट्रॉली खड्ड्यातून जाते, वरून ढोल-ताशा आणि डॉल्बी. इथे उत्तम सोल्डर केलेला जोडही सुटतो, कारण सोल्डर हे वजन पेलायचं साधन नाही. सगळ्यात आधी जातात ते वायर थेट पॅडला लावलेले जोड. सोल्डर वायरच्या बारीक तारांमधून वर झिरपतं, तेवढा भाग कडक होतो, आणि कडक भाग जिथे संपतो तिथेच वायर हलून हलून तुटते, इन्सुलेशनच्या आत. बाहेरून सगळं शाबूत दिसतं! वायर ओढून बघा, रबरासारखी ताणली तर आत तांबं तुटलेलं आहे.

वायर बोर्डाच्या एका भोकातून खालून वर काढून मग पॅडला लावा, किंवा केबल टायनं बोर्डाला बांधा, म्हणजे ओढ जोडावर येत नाही. स्क्रू टर्मिनल वापरत असाल तर वायरच्या टोकाला सोल्डर मारू नका. बरेच जण नीटनेटकं दिसतं म्हणून मारतात. सोल्डर मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकतं आणि स्क्रू सैल होतो. तिथे फेरूल (वायरच्या टोकावरची धातूची छोटी नळी) दाबा, नाहीतर उघड्या तारा पीळ देऊन तशाच घट्ट करा. मोठे कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक यांना बोर्डाशी हॉट ग्लू किंवा स्क्रूचा आधार द्या. हीटसिंकला स्क्रू आधी आवळायचा, पायांना सोल्डर नंतर. उलट केलं तर आवळताना पायांवर कायमचा ताण राहतो. बोर्ड लाकडी पाटावर रबराचे वॉशर घालून बसवला की हादरे बरेच कमी होतात.

सोल्डर निर्दोष निघालं तर

ढकलून काही होत नाही, मिलिव्होल्ट शून्य, बोर्ड स्वच्छ, तरी चेसर अडकतो. मग आयर्न बाजूला ठेवा. ४०१७ च्या सप्लायच्या दोन पिनांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आहे का बघा, नसेल तर लावा. त्याची १३ आणि १५ नंबरची पिन हवेत लटकत सोडली असेल तर तो मनाला येईल तसं मोजतो. १३ नंबर थेट ग्राउंडला जोडा. १५ नंबर रिसेटची आहे, दहा एलईडी पूर्ण फिरवायचे असतील तर तीही ग्राउंडला. रिले असेल तर त्याच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावलेला हवा, नाहीतर रिले सुटताना उसळणारं व्होल्टेज मायक्रोकंट्रोलरला रिसेट करतं. आणि मंडपात मोबाइलच्या चार्जरवर पट्टी आणि बोर्ड दोन्ही चालवत असाल तर पट्टी पूर्ण पेटलेल्या क्षणी बोर्डाच्या पिनांवरचं व्होल्टेज मोजा. ५ च्या जागी ४.२ दिसले तर पट्टीला वेगळी सप्लाय द्या आणि दोन्ही सप्लायचे ग्राउंड मात्र एकत्र जोडा.